भय थोरलीचं, दगा धाकटीचा

हृदयाची उजवी बाजू मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फुफ्फुसांकडे ढकलते. प्रौढ माणसाच्या अंगात जेवढं रक्त असतं, जवळपास तेवढं सगळं, दर मिनिटाला. ते वाहून नेणाऱ्या पल्मनरी आर्टरीची भिंत मात्र महाधमनीच्या मानाने फारच पातळ. तिच्या फांद्या तर कांद्याच्या पापुद्र्यासारख्या, जरा ओढ बसली की मुळापासून सुटून येणाऱ्या. फुफ्फुसाचा भाग काढायचा म्हणजे या फांद्या एकेक करून मोकळ्या करायच्या, बांधायच्या आणि कापायच्या. एवढं ऐकून पोटात गोळा येणं साहजिक आहे. शिकाऊ सर्जनच्या पोटात तो येतोच.

या हिशेबात दाबाचा आकडा मात्र अजून आलेला नाही. महाधमनीत सरासरी दाब पाऱ्याचे 90 मिलिमीटर असेल, तर पल्मनरी आर्टरीत तो 15 च्या आसपास असतो. साधारण सहावा हिस्सा. पाण्याच्या भाषेत बोलायचं तर जेमतेम 20 सेंटिमीटर उंचीचा स्तंभ. म्हणून तिला भोक पडलं की रक्त भसकन येतं, भरपूर येतं, डोळ्यांपुढचं सगळं क्षणात लाल होतं, आणि तरीही ते एका बोटाने थांबतं.

फुफ्फुसाला रक्त पुरवणारी दुसरीही एक व्यवस्था आहे. श्वासनलिकांच्या भिंतींना पोसणाऱ्या ब्रॉंकियल धमन्या महाधमनीतून निघतात. निरोगी माणसात त्यांची जाडी फार तर दीड मिलिमीटर, आणि त्यांच्या वाट्याला येणारं रक्त हृदयातून निघणाऱ्या रक्ताच्या एखाददुसरा टक्का. पण दाब महाधमनीचा. बरगड्यांच्या खालच्या कडेने धावणाऱ्या इंटरकोस्टल धमन्यांचंही तसंच. शस्त्रक्रिया चालू असताना सगळ्यांचे डोळे थोरलीवर खिळलेले असतात, आणि मध्यरात्री पेशंटला पुन्हा टेबलावर आणते ती पुष्कळदा या धाकट्यांपैकी एखादी. फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेतल्या रक्तस्रावाबद्दल जे काही सांगण्यासारखं आहे, त्यातलं बरंचसं या दोन दाबांच्या फरकातून निघतं.

रक्त थांबवायचं काम सुरी हातात घेण्याच्या आठवडाभर आधी, पेशंटच्या गोळ्यांच्या पिशवीपासून सुरू होतं. रक्त सहज गोठू न देणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल किमान 5 दिवस आधी थांबवायची, प्रासुग्रेल 7 दिवस. वॉरफेरिन 5 दिवस आधी बंद करायची आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर 1.5 च्या खाली आला आहे याची खात्री करूनच पुढे जायचं. अपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन या नव्या गोळ्या मूत्रपिंड ठीक असेल तर पूर्ण दोन दिवस आधी थांबवतात. डॅबिगॅट्रान मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून तिथे मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघून दिवस वाढवावे लागतात. अॅस्पिरिनची गोष्ट निराळी. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाची अॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. तिच्यामुळे थोडं जास्त झिरपेल, ते आवरता येतं. स्टेंट बंद पडला तर माणूस हातचा जाऊ शकतो. स्टेंट नवा असेल तर त्याच्या जोडीची दुसरी गोळी कधी थांबवायची, हे सर्जनने एकट्याने ठरवू नये.

तपासण्यांचे कागद पाहण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: दात काढला होता तेव्हा रक्त किती वेळ वाहत होतं? बाईमाणसाला पाळीबद्दल, बाळंतपणाबद्दल विचारावं. व्हॉन विलेब्रँडसारख्या जन्मजात रक्तस्रावाच्या आजारात पीटी ही गोठण्याची तपासणी आणि प्लेटलेटचा आकडा अगदी नॉर्मल येऊ शकतो, तर प्लेटलेट आकड्याने पुरेशा असूनही मूत्रपिंडाच्या आजारात कामाला कच्च्या असतात. कागद स्वच्छ, पण अक्कलदाढ काढताना दोनदा दवाखान्यात जावं लागलेलं, असा माणूस भेटला तर आधी रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवावं.

दुसरी तयारी सीटी स्कॅन वाचण्याची. गाठ कुठे आहे ते सगळेच बघतात. फांद्या किती आहेत, कुठून निघतात आणि त्यांच्या बेचक्यांत चुन्यासारख्या पांढऱ्या लसिकाग्रंथी बसल्या आहेत का, हे बघणारे त्या मानाने कमी. डाव्या वरच्या खंडाला जाणाऱ्या फांद्या 3 असू शकतात, तशा 7 ही. जुन्या क्षयरोगाने किंवा बुरशीच्या संसर्गाने कडक झालेली ग्रंथी धमनीच्या भिंतीला अशी चिकटते की सोडवताना भिंतच बरोबर येते. स्कॅनवर अशी ग्रंथी दिसली, तर मूळ धमनीला आधीच दोरी घालण्याचा बेत तिथेच ठरतो.

भूलतज्ज्ञाच्या बाजूला 14 किंवा 16 नंबरच्या दोन जाड सुया, मनगटात धमनीची लाइन, जुळवून ठेवलेल्या रक्ताच्या किमान दोन पिशव्या. गाठ वरच्या महाशिरेजवळ असेल तर एक सुई पायात हवी. हे लहानसं वाटतं, पण महाशिरेवर चिमटा लावायची वेळ आली की हातातून दिलेलं रक्त हृदयापर्यंत पोचतच नाही.

फुफ्फुसाच्या देठात, ज्याला डॉक्टर हायलम म्हणतात, धमनी, शिरा आणि श्वासनलिका खेटून असतात. 5 एप्रिल 1933 रोजी सेंट लुईसमध्ये एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एक अख्खं फुफ्फुस एकाच बैठकीत काढलं आणि पेशंट वाचला. असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी या नळ्या वेगवेगळ्या केल्या नाहीत. सगळा देठ एकत्र आवळला, कापला आणि टाके घालून बांधला. पेशंट स्वतः डॉक्टर होता आणि 1963 पर्यंत जगला. ग्रॅहम मात्र 1957 मध्येच गेले, तेही फुफ्फुसाच्या कर्करोगाने. एकगठ्ठा बांधण्यात फाटण्याची भीती कमी, पण गाठ निसटण्याची जास्त. शिवाय श्वासनलिकेचं तोंड आणि धमनीचं तोंड एकाच बोचक्यात राहिल्याने पू झाला की धमनी कुजून फुटायची. पुढच्या काही वर्षांतच प्रत्येक नळी वेगळी करून बांधण्याची पद्धत रुळली आणि रक्त आवरण्याचं आजचं तंत्र तिथून सुरू झालं.

धमनी मोकळी करायची तर तिच्या अंगावरच्या पातळ आवरणाच्या आत शिरावं लागतं. नवख्याला वाटतं, जरा लांबून जावं, सुरक्षित राहील. उलट घडतं. लांबून गेलं की ग्रंथी आणि तंतूंच्या जाळ्यात अडकायला होतं, भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. आवरण उघडून थेट पांढुरक्या भिंतीवर आलं की जागा आपोआप सुटते. फांदीभोवती वाकडा चिमटा फिरवताना त्याचं टोक धमनीपासून दूर, मऊ जागेकडे ठेवायचं. टोक अडलं तर ढकलायचं नाही, बाहेर काढून दुसऱ्या कोनातून यायचं. आणि खंड ओढून धरणाऱ्या सहाय्यकाला सांगत राहायचं की जरा सैल सोड. डाव्या वरच्या खंडाची पहिली फांदी आखूड आणि जाड असते. ती चाकूने क्वचितच कापली जाते, ओढण्याने फाटते.

अवघड देठ असेल तर फांद्यांना हात लावण्याआधी मूळ धमनीभोवती फीत टाकून ठेवावी. डावीकडे पल्मनरी आर्टरीला महाधमनीशी जोडणारं लिगामेंटम आर्टेरिओसम कापलं तर थोडी लांबी मिळते, पण आवाजाची नस तिथूनच महाधमनीखाली वळते, ती सांभाळायची. तिथेही जागा नसेल तर हृदयावरचं आवरण उघडून आतून धमनी धरायची. फक्त वरून धमनी बंद केली म्हणजे कामाची जागा कोरडी होईल, हा गैरसमज आहे. शिरेकडून उलटं रक्त येत राहतं. भिंत शिवायची असेल तर खालची शिरा किंवा पलीकडची धमनीही बंद करावी लागते, आणि चिमटा बराच वेळ राहणार असेल तर आधी गुठळी होऊ न देणारं हेपरिन थोडं द्यावं लागतं.

आज बहुतेक फांद्या स्टेपलरने बंद होतात. रक्तवाहिनीसाठी पांढरी कार्ट्रिज: पिना उघड्या असताना 2.5 मिलिमीटर उंचीच्या, मिटल्यावर 1 मिलिमीटर, कापाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन ओळी. चुका ठरलेल्या असतात. घाईत श्वासनलिकेची, जास्त उंच पिनांची कार्ट्रिज लावली, तर पिना मिटतात पण भिंत दाबली जात नाही आणि कापावरून रक्त झिरपत राहतं. जबड्यात आधीची धातूची क्लिप आली तर स्टेपलर अडतो, आणि सुरी पुढे सरकून पिना नीट बसल्याच नाहीत तर समोर उघडी धमनी असते. जबडा मिटल्यावर लगेच कापू नये, दहा-पंधरा सेकंद थांबावं, म्हणजे भिंतीतलं पाणी निघून जातं. टोकाच्या पलीकडे दुसरी फांदी अडकली नाही ना, हे दिसल्याशिवाय तर कापूच नये. बारीक फांदीला स्टेपलरचा अट्टहास कशाला, हे मात्र समजत नाही. 2-0 किंवा 3-0 जाडीच्या रेशमाची गाठ, बाजूला एक क्लिप, पुढे दोन-चार मिलिमीटर बुंधा ठेवून काप, झालं. उष्णतेने सील करणारी उपकरणं 7 मिलिमीटरपर्यंतच्या वाहिनीचा दावा करतात. पण इथे भिंत पातळ आहे, आणि शाबूत गाठ देणारा हात ज्याला आहे त्याने मुळाशी एक गाठ मारून मगच उष्णता वापरावी.

शिरेला दाब आणखी कमी, म्हणून तिची धास्ती कुणी घेत नाही. तिची गाठ निसटली तर मात्र बुंधा हृदयाच्या आवरणाच्या आत मागे सरकतो आणि भोक उरतं ते डाव्या कर्णिकेला. शिवाय तिथून आत शिरलेली हवा थेट मेंदूकडे जाऊ शकते.

इतकी काळजी घेऊनही फांदी फाटते. तेव्हा करायची पहिली गोष्ट एकच, दाबणं. छाती उघडी असेल तर बोटाने. दुर्बिणीतून काम चालू असेल तर लांब चिमट्यात घट्ट धरलेल्या गॉजच्या गोळीने, आणि ती गोळी शस्त्रक्रिया सुरू होण्याआधीच सिस्टरच्या ट्रेमध्ये तयार असली पाहिजे. ती हाती येईपर्यंत मोकळा केलेला फुफ्फुसाचा खंडच त्या भोकावर टेकवून धरता येतो. अगदी लहान भोक असेल तर सक्शनच्या नळीची कूस टेकवूनही रक्त थांबतं आणि तीच नळी हळूहळू सरकवत टाके घेता येतात, पण त्याला सराव लागतो.

मग थांबायचं. घड्याळ बघून पाच मिनिटं. या पाच मिनिटांत करण्यासारखं पुष्कळ असतं. भूलतज्ज्ञाला स्पष्ट शब्दांत सांगणं, रक्ताच्या पिशव्या थिएटरमध्ये आणवणं, सक्शनच्या बाटलीत किती जमलंय ते वाचणं, कॅमेरा पुसून घेणं, छाती उघडायचा सेट आणि दुसरी सक्शन मागवणं. दाबणारा हात तेवढा हलवायचा नाही. दर तीस सेकंदांनी उचलून बघण्याचा मोह फार वाईट. नुकती धरू लागलेली गुठळी त्यात निघून येते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. दाबूनही रक्त येत असेल तर अधिक जोर लावण्याआधी जागा चुकली आहे का ते बघावं. बहुधा तीच चुकलेली असते.

पाच मिनिटांनी गोळी एका कडेने सावकाश उचलली की पुष्कळ लहान भोकं बंद झालेली आढळतात. 15 मिलिमीटर दाबाचा हाच फायदा. बंद झालं तरी ते भोक विसरून चालत नाही. तिथे कोलॅजनची, फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन ही रक्त गोठवणारी द्रव्यं लावलेली पट्टी बसवून तीन मिनिटं दाबतात किंवा एखादा टाका घेतात. बंद झालं नाही तर वरखाली ताबा घेऊन 5-0 पॉलिप्रोपिलीनच्या बारीक दोऱ्याने शिवायचं. भिंत फारच कच्ची असेल तर टाक्याखाली हृदयावरच्या आवरणाचा छोटा तुकडा ठेवायचा, म्हणजे दोरा भिंत चिरत नाही. टाके कडेपासून बेताने घ्यायचे. घाबरून मोठे घेतले तर रक्त थांबेल, पण धमनी अरुंद होईल आणि उरलेल्या खंडाचा पुरवठा अडेल.

या वेळी जे हमखास बिघडवतं ते आंधळेपणाने लावलेला चिमटा. रक्ताच्या तळ्यात अंदाजाने जबडा मिटला की तीन मिलिमीटरचं भोक सेंटिमीटरभराची फाट होतं, नाहीतर शेजारच्या खंडाची धमनी, श्वासनलिका, श्वासपटलाची फ्रेनिक नस यांपैकी काहीतरी त्यात सापडतं. पल्मनरी आर्टरी दाबाला दाद देते आणि ओरबाडण्याला अजिबात नाही. दुर्बिणीची शस्त्रक्रिया सोडून छाती उघडायची तर एकाने दाबून धरायचं, दुसऱ्याने उघडायचं. दाबणाऱ्याने मदतीला धावू नये. अशा वेळी छाती उघडणं ही माघार मानणारी मंडळी अजून आहेत. त्यांच्या पेशंटांचं एक-दीड लिटर रक्त उगाच जातं.

क्षयरोग, बुरशीचा गोळा किंवा जुनाट पुवाने चिकटलेलं फुफ्फुस ही वेगळीच दुनिया. तिथे छातीच्या भिंतीतून फुफ्फुसात नव्या रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात, शेकड्यांनी, आणि सगळ्या महाधमनीच्या दाबाच्या. देठापर्यंत पोचण्याआधीच लिटरभर रक्त जाऊ शकतं, आणि बांधायला एकही ठळक नळी नसते. उपाय असा की एका पट्ट्यात सोडवायचं, विजेच्या डागणीने कोरडं करायचं, गरम सलाइनचा मॉप भरून दाबून ठेवायचं, दुसऱ्या पट्ट्याकडे जायचं आणि परत यायचं. अगदीच एकजीव झालं असेल तर प्लुराच्या, म्हणजे छातीच्या आतल्या अस्तराच्या, बाहेरून, बरगड्यांलगत जायचं. खोकल्यातून फार रक्त पडत असेल तर आधी ब्रॉंकियल धमन्या आतून बंद करून घेतात. तिथे भीती एकच, मज्जारज्जूला रक्त देणारी बारीक धमनी कधी कधी त्याच मुळातून निघते.

मणक्याजवळच्या कोपऱ्यात, बरगडी आणि मणका भेटतात तिथे, झिरपणाऱ्या रक्तावर ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजचं जाळं कोंबण्याचा मोह आवरावा. ते फुगतं, नसेच्या छिद्रातून मज्जारज्जूच्या नळीत सरकतं आणि पेशंट शुद्धीवर येतो तेव्हा त्याचे पाय हलत नाहीत. असं घडल्याच्या नोंदी आहेत. तिथे रक्त थांबल्यावर जाळं काढून घ्यावं, आणि शस्त्रक्रियेनंतर पायांची ताकद गेली तर पाठीतल्या नळीतून दिलेल्या एपिड्युरल भुलीवर खापर फोडून वाट बघत बसू नये. तातडीने एमआरआय करावा.

रक्त बरंच गेलं की आणखी एक गडबड सुरू होते, जी टाक्याने थांबत नाही. शरीर 35 अंशांच्या खाली गार झालं, रक्त आम्लधर्मी झालं की गुठळी धरत नाही. पिशवीतल्या रक्तातलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम पकडून ठेवतं. म्हणून रक्त गरम करून द्यायचं, आयनाइज्ड कॅल्शियम मोजून भरून काढायचं, आणि स्राव मोठा असेल तर लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट समान प्रमाणाच्या जवळपास द्यायच्या. गुठळी विरघळू न देणारं ट्रानेक्झॅमिक अॅसिड एक ग्रॅम, लवकर. फायब्रिनोजेन डेसिलिटरमागे 150 ते 200 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर बाकी सगळं देऊनही झिरपणं थांबत नाही, आणि नेमकं तेच तपासायचं राहून जातं.

छाती बंद करण्याआधीची दहा मिनिटं धाकट्यांची असतात. रक्तदाब 85 असताना सगळं कोरडंच दिसतं. भूलतज्ज्ञाला सांगून तो पेशंटच्या नेहमीच्या आकड्यावर आणायचा आणि मग बघायचं. कुठे? श्वासनाल दुभागते तिथल्या काढलेल्या ग्रंथींची जागा, कारण तिथे ब्रॉंकियल धमनीची तोंडं असतात. फुफ्फुसाच्या खालच्या पडद्याची कापलेली कड. सोडवलेल्या चिकट्यांचे पट्टे. आणि दुर्बीण व हत्यारं आत घालायच्या पोर्टची छिद्रं. पोर्टची नळी आत असेपर्यंत ती फाटलेली इंटरकोस्टल धमनी दाबून धरते, नळी काढल्यावर ती मोकळी होते. म्हणून शेवटची नळी सोडून बाकी प्रत्येक छिद्र आतून कॅमेऱ्याने बघायचं, आणि शेवटच्या छिद्रात बोट घालून अंदाज घ्यायचा. बरगड्या आवळणारा जाड टाका खालच्या बरगडीच्या खालून घेतला तर सुई तिथली धमनी टोचू शकते. बरगडीला छिद्र पाडून त्यातून टाका घेतला की हा प्रश्न मिटतो.

आता ड्रेन, म्हणजे छातीत ठेवलेली निचऱ्याची नळी. नळीतून काय येतंय हे वाचणं एक स्वतंत्र कौशल्य आहे आणि वॉर्डातल्या सिस्टरला ते पुष्कळदा डॉक्टरपेक्षा बरं येतं. पहिल्या तासांत शे-दीडशे मिलिलिटर लालसर पाणी, मग तासागणिक कमी आणि फिकट होत जाणं, हा नेहमीचा क्रम. एका झटक्यात लिटरभर, किंवा तासाला 200 मिलिलिटर दोन ते चार तास सलग, तर परत उघडायचं. हे आकडे जागोजागी थोडे बदलतात, पण आकड्याइतकाच कल महत्त्वाचा. 120, 150, 180 असे चढणारे तास 200 ची रेघ गाठेपर्यंत वाट बघण्यासारखे नसतात. द्रवाचं हिमॅटोक्रिट, म्हणजे लाल पेशींचं प्रमाण, रक्ताच्या निम्म्याहून जास्त निघालं तर ते पाणी मानू नये, ते रक्तच. नळीला हात लावून बघावं. ताजं रक्त वाहत असेल तर नळी कोमट लागते. पेशंटला पहिल्यांदा कुशीवर वळवलं की एकदम तीनशे मिलिलिटर काळपट रक्त येतं आणि धावपळ उडते. ते बहुधा आत साठलेलं जुनं असतं. पुढचा तास बघावा.

सगळ्यात फसवी नळी म्हणजे अचानक कोरडी पडलेली. तासाला दीडशे येत होतं आणि एकदम शून्य झालं, तर रक्त थांबलं असं मानण्याआधी नळी मुडपली आहे का, अंगाखाली दबली आहे का, तिच्या झोळात पाणी साचलं आहे का, आत गुठळी आहे का, हे बघायचं. गुठळी हलकेच दाबून पुढे सरकवता येते. नळी चिमटीत धरून जोराने ओरपण्याची जुनी सवय मात्र सोडावी. त्याने आत काही वेळा पाण्याच्या शेकडो सेंटिमीटरइतकी ओढ तयार होते, तर नेहमीची सक्शन 10 ते 20 सेंटिमीटर असते. एका बाजूच्या छातीत तीन लिटर रक्त सहज मावतं. झोपवून काढलेल्या एक्स-रेत बरंचसं रक्त मागे पसरतं आणि फक्त एक धूसर पडदा दिसतो. उशाला पोर्टेबल सोनोग्राफी असेल तर ती आधी करावी.

पेशंट काय सांगतो तेही उशिराच कळतं. रक्तदाब पडतो तेव्हा सुमारे 30 टक्के रक्त गेलेलं असतं, तरुणात कधी जास्तच. त्याआधी नाडी वाढते, नाडीदाब, म्हणजे वरच्या आणि खालच्या रक्तदाबातलं अंतर, अरुंद होतो, हातपाय गार पडतात, लघवी ताशी किलोमागे अर्ध्या मिलिलिटरच्या खाली जाते, माणूस कारण नसताना अस्वस्थ होतो. नाडी संथ ठेवणारी बीटा ब्लॉकर गोळी घेणाऱ्याची नाडी वाढतच नाही. एपिड्युरल चालू असेल तर कमी रक्तदाबाचं खापर तिच्यावर फुटतं. हिमोग्लोबिन तर पहिल्या तासात फसवतंच, कारण रक्त जातं ते सगळ्या घटकांसकट जातं. पातळ व्हायला वेळ लागतो.

फुफ्फुसाचा भाग काढल्यानंतर रक्तस्रावासाठी परत उघडावं लागण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक-दोन. जुन्याच चिरेतून जायचं, गुठळ्या काढायच्या, गरम पाण्याने धुवायचं. बऱ्याचदा रक्ताचा झरा सापडतच नाही, आणि तरीही रक्त थांबतं. साठलेल्या गुठळीतच गुठळी विरघळवणारी द्रव्यं सक्रिय झालेली असतात. ती गुठळी गेली की झिरपणं बंद होतं. सापडतो तेव्हा तो बहुधा ब्रॉंकियल किंवा इंटरकोस्टल फांदीचा असतो. एकच तोंड, आणि ते क्लिपने मिटतं. परत उघडायला लागणारा उशीर हाच इथे खरा धोका. रात्री तीनला घेतलेला निर्णय सकाळच्या राउंडवर ढकलला की तोपर्यंत पिशव्या चढतात, शरीर गार होतं आणि साधी फांदी गुंतागुंतीची होते. स्राव थांबला पण गुठळी आत राहिली, तर आठवडाभराच्या आत दुर्बिणीने काढून टाकावी. नंतर ती घट्ट होते, पू धरते, फुफ्फुसाला जखडते.

पूर्ण फुफ्फुस काढलेल्या छातीचे नियम वेगळे. तिथे नळीला सक्शन लावायची नाही, नाहीतर हृदय त्या रिकाम्या बाजूला ओढलं जातं. बऱ्याच ठिकाणी नळी बंद ठेवून ठरावीक वेळाने क्षणभर उघडतात. म्हणजे नळीचा आकडा उपयोगाचा नाही. वाचायचा तो एक्स-रे. रिकामी जागा दिवसागणिक हळूहळू पाण्याने भरते आणि श्वासनाल मध्यावर किंवा किंचित त्याच बाजूला असते. एका रात्रीत पाण्याची रेघ दोन-तीन बरगड्या वर चढली आणि श्वासनाल पलीकडे सरकली, तर आत रक्त भरतंय.

आठवड्यानंतरचं रक्त क्वचित येतं, पण येतं तेव्हा आधी खूण देतं. श्वासनलिका कापून परत जोडलेल्या पेशंटला खोकल्यात चमचाभर ताजं लाल रक्त दिसलं, तर जोडाने शेजारची धमनी घासली असण्याची शक्यता असते. त्या चमचाभरानंतर पुढचा झटका जीवघेणा असतो. म्हणून जोडणी करतानाच धमनी आणि श्वासनलिका यांच्यामध्ये स्नायूचा किंवा चरबीचा पट्टा घालतात. उजवा वरचा खंड काढल्यावर मधला खंड देठाभोवती पिळवटला तरी खोकल्यात रक्त येतं आणि एक्स-रेत तो भाग दगडासारखा पांढरा दिसतो. शस्त्रक्रियेच्या शेवटी त्याला खालच्या खंडाशी एका टाक्याने बांधून ठेवणं एवढं सोपं आहे की ते विसरलं जातं.

रक्त थांबल्यावर लगेच दुसरं टोक समोर उभं राहतं. कर्करोगाचा पेशंट, मोठी शस्त्रक्रिया, अंथरुणावरचे दिवस. पायातल्या शिरांत गुठळी व्हायला यापेक्षा अनुकूल काही नाही. डावा वरचा खंड काढल्यावर शिरेचा बुंधा लांब राहतो, त्यात रक्त संथ होतं, गुठळी धरते आणि तिथून मेंदूत जाऊ शकते. म्हणून नळीतून येणारं पाणी फिकट झालं आणि हिमोग्लोबिन स्थिर राहिलं की हेपरिनचा प्रतिबंधक डोस सुरू करायचा. एपिड्युरलची नळी काढायची असेल तर कमी रेणुभाराच्या हेपरिनच्या प्रतिबंधक डोसनंतर किमान 12 तासांनी काढायची, आणि पुढचा डोस त्यानंतर काही तासांनी. वॉरफेरिन किंवा अपिक्साबॅनचा पूर्ण डोस साधारण दोन-तीन दिवस थांबून, नळीकडे बघून. ज्याच्या हृदयात यांत्रिक झडप आहे त्याच्यासाठी हे दिवस शस्त्रक्रियेपूर्वीच हृदयतज्ज्ञाशी बोलून ठरवलेले आणि केसपेपरवर लिहिलेले असावेत.